दसऱ्याला फुगलेला पॅक: एका रिमोटच्या रेस-कारच्या बॅटरीची निवड

पार्श्वभूमी

मुलुंडमधली जुनी चार मजली इमारत. सगळ्यात वरच्या मजल्यावर वन बीएचके. तिथे राहणारा एकोणीस वर्षांचा डिप्लोमाचा विद्यार्थी, त्याची आई आणि दोन गल्ल्या सोडून राहणारा आईचा धाकटा भाऊ, एवढी माणसं या प्रकरणात आहेत. नावं देत नाही. मुलाला भाचा म्हणतो आणि मामाला मामाच. मामा वायरमन आहे, इन्व्हर्टर बसवण्याची आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलण्याची कामं वीस वर्षं करतोय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच घोळ झाला.

रिमोटच्या गाड्या पळवण्यात माझी पंधरा-एक वर्षं गेली आहेत, म्हणून दोघं माझ्याकडे आले. भाच्याने एक-दशांश मापाची, चारही चाकांवर चालणारी इलेक्ट्रिक बग्गी सेकंडहँड घेतली होती. ३३०० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे) ब्रशलेस मोटर, ६० अँपिअरचा ईएससी, म्हणजे बॅटरीतून मोटरला हवी तेवढी वीज सोडणारा डबा. गाडी बरी होती. सोबत मिळालेली बॅटरी मात्र सहा सेलचा, ७.२ व्होल्टचा, ३००० एमएएचचा जुना निकेल-मेटल-हायड्राइड पॅक होता आणि त्याच्या वायरीला पांढरा प्लास्टिकचा प्लग.

रेस म्हणजे काही मोठी स्पर्धा नव्हे. नवी मुंबईतल्या एका मातीच्या मैदानावर महिन्यातून दोन रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. पाच-पाच मिनिटांच्या दोन हीट आणि सात मिनिटांची फायनल. नियम मोजके आहेत, पण पाळले जातात: दोन सेलचाच लायपो (लिथियम-पॉलिमर पॅक) किंवा सहा सेलचा निकेल, लायपो असेल तर टणक कवचाचा, आणि सुरू होण्याआधी मीटर लावल्यावर ८.४० व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

अडचण

पहिल्या रविवारी भाच्याची गाडी तिसऱ्या मिनिटाला मंदावली आणि चौथ्या मिनिटाला उभी राहिली. पण त्याला जास्त खटकत होतं ते वेगळंच. उडीवरून उतरून पूर्ण थ्रॉटल दिला की क्षणभर स्टिअरिंग मेल्यासारखं व्हायचं आणि गाडी सरळ टायरच्या भिंतीत जायची. त्याने चाकं वळवणारा सर्व्हो बदलला, तरी तेच. मग रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला शिव्या घातल्या.

मी मधे एक वॉटमीटर लावला. उभ्या गाडीत ८ व्होल्टच्या वर दाखवणारा तो पॅक, गाडीने जोर घेताच ५ च्या खाली जात होता. रिसीव्हर आणि सर्व्होला वीज त्याच ईएससीतून जाते. वरून व्होल्टेज कोसळलं की खाली रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. तेवढ्या क्षणात गाडी भिंतीत. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला होता आणि त्यात त्या पांढऱ्या प्लगच्या सैल पिना. गाडी थांबल्यावर प्लगला हात लावला तर चटका बसत होता. वायरमन माणसाला यावर वेगळं काही सांगायची गरज नव्हती. मामा म्हणाला, "अहो, हा तर लूज कनेक्शनवरचा गीझर झाला."

पॅक बदलायचा हे ठरलं. कोणता घ्यायचा यावर मात्र तिघांची तीन मतं होती. भाच्याला थ्री-एस हवा होता, म्हणजे तीन सेलचा ११.१ व्होल्टचा. मामाला बाजारात मिळेल तो सगळ्यात मोठा, ७६०० एमएएचचा. आईला घरात लिथियमच नको होतं, कारण फुगलेल्या मोबाइलचा फोटो तिला कुणीतरी पाठवला होता. खर्चाची मर्यादा चार्जर धरून नऊ हजार. सोबत आलेला चार्जर निकेलचा होता. तो लायपोला लावणं म्हणजे आग मागवणं, त्यामुळे चार्जर नवा घ्यावाच लागणार होता.

पर्याय आणि त्यांची तोलामापी

नवा निकेल पॅक हा आईच्या पसंतीचा पर्याय. दणकट असतो, थोडी हयगय खपवून घेतो. पण सहा सेलचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातं, आणि मातीवर उड्या मारणाऱ्या बग्गीत प्रत्येक ग्रॅम जमिनीवर आदळतो. शिवाय मैदानावरचा चांगला सेकंडहँड माल सगळा लायपोचा. हा पर्याय आम्ही लवकर सोडला. आज विचार करताना वाटतं, जरा जास्तच लवकर सोडला.

थ्री-एसचं भूत मात्र सहज उतरलं नाही. भाच्याचा हिशेब साधा होता: ३३०० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे, ३३०० गुणिले ११.१ म्हणजे ३६,६३०. दीडपट वेग. नियमात बसत नाही हे सांगून झालं, तर तो म्हणाला, "काका, प्रॅक्टिसला तर चालेल ना?" अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. एका मित्राचा थ्री-एस पॅक आणला आणि शनिवारी संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी सोडली. पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, तोच ठेवला होता. सहाव्या मिनिटाला मोटरला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. तापमापीत शंभराच्या आसपास आकडा होता. मी ऐंशीच्या पुढे मोटर जाऊ देत नाही, कारण फार तापलेल्या मोटरच्या चुंबकाची ताकद जाते आणि ती परत येत नाही. थ्री-एस चालवायचा तर कमी दातांचा पिनियन लावून वेग पुन्हा खाली आणायचा. मग मिळवलं काय? भाचा गप्प बसला.

८.७० व्होल्टपर्यंत भरता येणारे हाय-व्होल्टेज लायपोही मिळतात. ते ८.४० लाच थांबवून वापरायचे असतील तर जास्तीचे पैसे कशाला? हा विषय दोन मिनिटांत संपला.

उरले टू-एस. त्यात दोन मापं: पूर्ण लांबीचा पॅक, साधारण १३९ मिलिमीटर, आणि आखूड, ज्याला सगळे शॉर्टी म्हणतात, साधारण ९६. रुंदी ४७ आणि उंची २५ च्या आसपास, दोन्हींची सारखीच. मामाचा युक्तिवाद असा की पैसे तेवढेच जात असतील तर जास्त पाणी मावणारी टाकी घ्यावी. त्यात लेबलवर लिहिलेलं होतं १२० सी, म्हणजे क्षमतेच्या १२० पट अँपिअर सोडण्याचा दावा.

सी-रेटिंगचा हिशेब मी मामासमोर कागदावर मांडला. ७६०० एमएएच म्हणजे ७.६ अँपिअर-तास. गुणिले १२० म्हणजे ९१२ अँपिअर. गुणिले ७.४ व्होल्ट म्हणजे पावणेसात हजार वॉटच्या आसपास. दोन हजार वॉटचे तीन गीझर एका वेळी चालवून वर मिक्सर लावावा, एवढी ताकद त्या मुठीएवढ्या डब्यातून १२ गेजच्या वायरीने निघणार? मामा खो खो हसला. त्याच्या धंद्यात असं लेबल लावलं तर गिऱ्हाईक मारेल, म्हणाला. हा आकडा खरेदीच्या हिशेबातून बाद करायचा, हे त्या दिवशी ठरलं.

मग खरोखर किती लागतं? मी माझा ५००० चा टू-एस पॅक त्याच्या गाडीत टाकला. आधी ईएससीचं सेटिंग लायपोवर आणून कट-ऑफ, म्हणजे ज्याखाली ईएससी वीज तोडतो ती पातळी, सेलमागे ३.२ व्होल्ट केला. पाच मिनिटं रेसच्या वेगाने गाडी चालवली आणि पॅक पुन्हा भरायला लावला. चार्जरने १९०० एमएएच परत घातले. म्हणजे सरासरी २३ अँपिअरच्या आतबाहेर. वॉटमीटरवर क्षणिक कमाल होती ७० अँपिअर. सात मिनिटांच्या फायनलला याच हिशेबाने २६६० लागतील. पॅक वीस टक्क्यांच्या खाली न्यायचा नाही असं धरलं तरी ३३२५. चार हजारांचा पॅक पुरून उरतो. आणि ७० अँपिअरसाठी चार हजारांच्या पॅकला खरे साडेसतरा सी असले तरी बस्स. पॅक घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावी अशी ही चाचणी. उसना पॅक आणि चार्जरवरचा परत भरलेला आकडा, एवढंच लागतं.

वजनाचा प्रश्न आईने सोडवला, आपण सोडवतोय हे माहीत नसताना. मी सांगितलं होतं की पॅक घेण्याआधी पुठ्ठ्याची त्याच मापाची डबी करून गाडीतल्या बॅटरीच्या ट्रेमध्ये बसवून बघा. भाच्याने दोन डब्या केल्या. एका डबीत ३१० ग्रॅम आणि दुसरीत २१० ग्रॅम, असा वाण्याकडच्या काट्यावर तोलून आईच्या डब्यातला तांदूळ भरला. मोठी डबी ट्रेमध्ये बसली, पण बॅलन्स लीड, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दिसावा म्हणून असलेली बारीक वायर, बाहेर काढायला जागाच उरेना. छोटी सहज बसली, पुढेमागे मिळून ४३ मिलिमीटरची फट राहिली. ती फोमच्या तुकड्यांनी भरता येते, आणि फोम पुढे की मागे यावरून गाडीचा तोलही बदलता येतो. शंभर ग्रॅमचा फरक हातात धरल्यावर मामाने टाकीचा मुद्दा मागे घेतला.

काय केलं

टू-एस, ४२०० एमएएच, टणक कवचाचे दोन शॉर्टी पॅक घेतले. एक नवा आणि एक सेकंडहँड, पण सेकंडहँड घेताना एक पाऊल चांगलं पडलं. विकणाऱ्याने आधी जो पॅक पुढे केला तो स्वस्त होता आणि दिसायला नवाकोरा. माझ्या चार्जरवर सेलचा अंतर्गत रोध दिसतो. एक सेल ४ मिलिओहम, दुसरा ११. दोन बैलांपैकी एक लंगडा असेल तर गाडी लंगड्याच्याच चालीने जाते. तो परत केला. दुसरा पॅक पाचशे रुपयांनी महाग होता, दोन्ही सेल ३ दाखवत होते. तो घेतला.

मामाने लॅमिंग्टन रोडवरून एक्सटी-६० कनेक्टर आणि सिलिकॉनची वायर आणली आणि जोडणी स्वतः केली. इतकं स्वच्छ सोल्डरिंग मी आमच्या मैदानावर दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. एका वेळी एकच वायर कापायची, दोन्ही टोकं एकदम उघडी ठेवायची नाहीत, हे त्याला सांगावं लागलं नाही.

चार्जिंगची जागा हा मोठा तिढा झाला. मी आगीपासून जपायचं म्हणून दगडी पृष्ठभाग सुचवला. भाचा म्हणाला, स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा आहे की. आईने हात जोडले. ओट्याखाली गॅसचा सिलिंडर. तिचं अगदी बरोबर होतं आणि मला ते सुचायला हवं होतं. शेवटी गॅलरीत जुन्या ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा टाकला, त्यावर अग्निरोधक पिशवी, शेजारी वाळूने भरलेली कुंडी. वीज ४ अँपिअरपेक्षा जास्त नाही, बॅलन्स लीड लावल्याशिवाय नाही, आणि घरातलं कुणीतरी जागं असल्याशिवाय नाही. हे तीन नियम आईने गॅलरीच्या दारावर खडूने लिहिले.

डिसेंबर ते मे गाडी उत्तम चालली. स्टिअरिंग मरणं बंद झालं. फेरीची वेळ थोडीशीच सुधारली, पण प्रत्येक हीट पूर्ण होऊ लागली आणि मेमधल्या फायनलला बारा गाड्यांत भाचा सातवा आला. दोन हीटच्या मधे साधारण चाळीस मिनिटं मिळतात. एक पॅक गाडीत आणि दुसरा चार्जरवर, हे गणित नीट बसलं. हे प्रकरण इथेच संपवलं असतं तर मी फार हुशार दिसलो असतो.

मग पाऊस आला

जूनच्या पहिल्या रविवारची रेस पावसाने धुऊन गेली. मैदानाचं तळं झालं, म्हणजे आता दिवाळीच्या आसपासच पुन्हा भेट. मामाने घरी येऊन दोन्ही पॅक पूर्ण भरले, ८.४० पर्यंत. एक गाडीच्या ट्रेमध्ये ठेवला, गाडी पिशवीत घातली आणि पिशवी माळ्यावर टाकली. दुसराही शेजारीच.

यात हलगर्जीपणा नव्हता. उलट ही त्याच्या वीस वर्षांच्या धंद्यातली शिस्त होती. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते, म्हणून ती नेहमी भरूनच ठेवायची. लायपोचं नेमकं उलटं. काठोकाठ भरलेल्या सेलमध्ये आतलं रसायन हळूहळू बिघडत राहतं, वायू धरतो, आणि उष्णता त्याला घाई करते. साठवायचा तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर, म्हणजे जेमतेम निम्मा. वरच्या मजल्यावरचा माळा म्हणजे थेट स्लॅबखालची जागा. पावसाने उघडीप दिली की तापतो, आणि ऑक्टोबर हीटमध्ये तर विचारूच नका.

दसऱ्याला मामाची अवजारं पूजेला मांडली तेव्हा भाच्याने गाडीही काढली, झेंडूची माळ घालायला. ट्रेचा पट्टा सैल होईना. कवचाचं वरचं झाकण पोटासारखं पुढे आलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, चार्जरला लावला नाहीत ना? नव्हता लावला, नशीब. पट्टा कापून पॅक काढला आणि वाळूच्या कुंडीत ठेवला. नुसता मोजला तेव्हा सेल ४.१४ व्होल्टला होते. अंतर्गत रोध ११ आणि १६. म्हणजे संपला.

दुसऱ्या पॅकचं वेगळंच घडलं होतं. जुलैत एका कंटाळवाण्या संध्याकाळी भाच्याने तो माळ्यावरून काढून एका मित्राच्या गाडीत घातला आणि इमारतीच्या जिन्याखाली दहा मिनिटं पळवली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा ओरडा खाल्ला आणि पॅक तसाच अर्धवट, लोखंडी कपाटातल्या पुस्तकांमागे लपवला. तो निघाला ३.८१ वर. रोध ३ आणि ४, जवळपास होता तसा. ठरवून प्रयोग केला असता तरी इतका स्वच्छ निकाल लागला नसता. गंमत म्हणजे वाचलेला पॅक सेकंडहँड होता आणि गेलेला नवा.

फुगलेला पॅक गॅलरीत कुंडीतच ठेवून २१ वॉटच्या मोटारीच्या बल्बवर हळूहळू रिकामा केला, टोकांना टेप लावली आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे दिला. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही यावर मी अडून बसलो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लिथियमही येतं, हा एक भाग. आणि कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला तर सफाई कामगाराच्या हातात पेटेल, हा खरा भाग.

निर्णय कुठे चुकला

मामा आठवडाभर खजील होता. "ताई, मीच भरला," असं तो आईला चारदा म्हणाला. माझ्या मते चूक माझ्या पदरात जास्त येते. मी अँपिअर मोजले, मिलिमीटर मोजले, तांदूळ तोलायला लावला. पण हा पॅक धावत नसेल तेव्हा कुठे आणि कसा असेल, हा प्रश्न विचारलाच नाही. हिशेब करून बघितला तर लाज वाटते: महिन्यातून दोन रविवार, प्रत्येकी सतरा मिनिटांची रेस. सरावासकट धरलं तरी महिन्याला तासभर. बाकी सगळा वेळ पॅक घरात असतो आणि पावसाळ्यात सलग चार महिने. मी निवड केली ती त्या तासाभरासाठी.

पुन्हा करायचं झालं तर काही गोष्टी वेगळ्या करेन. सुरुवातीला एकच पॅक घेऊ आणि दुसऱ्याचे पैसे जास्त वॉटच्या, स्टोरेजचं, म्हणजे पॅक निम्म्यावर आणून ठेवणारं, बटण सोयीने दाबता येईल अशा चार्जरवर घालू. आमच्या चार्जरला ती सोय होती, पण मेन्यूत चार पायऱ्या आत, आणि मी ती एकदाही दाखवली नाही. दोन हीटच्या मधल्या चाळीस मिनिटांत एकच पॅक भरणं घाईचं होतं, पण चार अँपिअरने १९०० एमएएच अर्ध्या तासात आत जातात. जमलं असतं. मामाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, मैदानावर चार्जर एकाच्या मोटारीच्या बॅटरीवर चालतो, त्याने मधेच गाडी काढली तर एकच पॅकवाला बसला बोंबलत. यावर आमचं अजून एकमत नाही.

निकेलचा पर्यायही मी पुन्हा टेबलावर ठेवेन, रेससाठी नव्हे तर पावसाळ्यात घरी सर्व्हो आणि सेटिंग तपासायला. तेवढ्यासाठी लायपो भरायची गरजच पडत नाही. आणि ज्याला एका प्रकारच्या बॅटरीचं चांगलं ज्ञान आहे, त्याला दुसऱ्या प्रकाराबद्दल मी आधी सांगेन, नवशिक्याच्याही आधी. नवशिका निदान विचारतो.

आत्ताची स्थिती

भाच्याने दुसरा नवा शॉर्टी घेतला आहे. दोन्ही पॅकवर कागदी टेपची पट्टी आहे. एका बाजूला "भरलेला", दुसऱ्या बाजूला "निम्मा", वळवून लावायची. जागा माळ्यावरची गेली. आता ते आईच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, अग्निरोधक पिशवीत असतात. तिने आपल्या साड्या वरच्या कप्प्यात हलवल्या, वर कुरकुरही केली.

यंदा जूनच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मामाचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. "३.८२ आणि ३.८३ दाखवतोय," तो म्हणाला. "दुसरा ३.८३, ३.८३. ठेवू आत?"